हिज्कीयाचं पत्र आणि हिज्कीयाचा बोगदा

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. जमीन गहाण पडली, दुकानाला कुलूप लागलं. तुम्ही ज्या प्रार्थना-गटात जाता तिथल्या पुढाऱ्यांनी सांगितलं की हिज्कीया राजाने शत्रूचं पत्र देवापुढे पसरलं आणि एका रात्रीत शत्रूचा फडशा पडला. तुम्हीही रिपोर्ट देवापुढे पसरा, २१ दिवसांचा उपास धरा आणि डायलिसिस थांबवा. मशीनवर बसणं हाच अविश्वास आहे. यजमान तयार झालेत, सासूबाईही तयार झाल्यात. तुमचं मन मात्र धजत नाही, म्हणून तुम्ही विचारता, "पाळकसाहेब, माझाच विश्वास कमी पडतोय का?"

नाही पडत. आणि डायलिसिस थांबवू नका, त्याची एकही खेप चुकवू नका. बाकीचं सगळं यानंतर.

मी डॉक्टर नाही, पण पाळक म्हणून बरीच वर्षं आजाऱ्यांच्या खाटेशेजारी बसत आलोय आणि डायलिसिस विभागात माझं जाणं-येणं आहे. किडनी बंद पडली की अंगात पाणी आणि पोटॅशियम साचत जातं. पाणी फुप्फुसात उतरलं की माणसाला आडवं होता येत नाही, रात्रभर उशा लावून बसून काढावी लागते. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी काही लक्षण दिसायच्या आत हृदय बंद पडतं. लघवी जवळजवळ थांबलेल्या माणसाने डायलिसिस सोडलं तर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सगळं संपतं. २१ दिवस हा त्यांच्यासाठी फार मोठा काळ आहे. त्यात उपास सोडताना आपल्याकडे काय देतात? शहाळं, खजूर, केळी. तिन्हींत पोटॅशियम भरपूर. डायलिसिसच्या रुग्णाला प्रेमाने शहाळं आणून देणारे नातेवाईक मी पाहिलेत आणि सिस्टरांना ते हातातून काढून घेतानाही पाहिलंय.

आता हिज्कीयाकडे वळू. ती गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली आहे. २ राजे १८ ते २०, २ इतिहास ३२ आणि यशया ३६ ते ३९ एका बैठकीत वाचून काढा. तुमच्या घरासाठीच लिहिलंय असं वाटेल.

साल इ.स.पू. ७०१. उत्तरेचं इस्राएल राज्य वीसेक वर्षांपूर्वीच अश्शूरने गिळलं होतं. आता अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. त्याने स्वतःच्या पराक्रमाची हकीकत मातीच्या खांबांवर कोरून ठेवली आहे आणि ती आजही वाचता येते. हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमात कोंडला, असं तो लिहितो. यहूदातलं लाखीश नगर कसं पडलं याची चित्रं त्याने निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतींवर खोदून घेतली. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला लावलेले उतार, गाड्यांवर सामान लादून निघालेली कुटुंबं, शत्रूपुढे गुडघे टेकलेली माणसं, सगळं त्यात दिसतं.

अशा वेळी हिज्कीयाने पहिलं काय केलं? तो घाबरला. "माझं चुकलं, तू परत जा, मागशील ते देतो," असा निरोप त्याने लाखीशला असलेल्या सन्हेरीबला धाडला. ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं ठरलं (किक्कार म्हणजे त्या काळचं वजनाचं माप). ते भरायला त्याला देवाच्या मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून काढावं लागलं. एवढं देऊनही सन्हेरीब हटला नाही. ताई, तुमची जमीन गहाण पडली, दागिने गेले आणि तरी आजार तिथेच आहे. विश्वासाचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतात त्या राजानेही आधी हेच दिवस काढले होते. भीती वाटली, धावाधाव केली, पैसा ओतला, म्हणून देवाने त्याला दूर लोटलं नाही.

मग आला रबशाके, अश्शूरचा सरदार. वरच्या तळ्याच्या नळाजवळ, परटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा राहून तो तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला. हिज्कीयाच्या कारभाऱ्यांनी विनवलं, "आमच्याशी अरामी भाषेत बोला, लोकांना कळू देऊ नका." तो मुद्दाम यहूदी भाषेतच बोलत राहिला. म्हणाला, मी तुम्हाला दोन हजार घोडे देतो, त्यांवर बसवायला स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? कुठल्या देवाने कुठलं राष्ट्र आमच्या हातून सोडवलं? आणि मधेच एक वाक्य टाकलं, ज्यावर मी मंडळीत पुन्हा पुन्हा बोट ठेवतो: परमेश्वराच्या सांगण्यावाचून का मी इथे आलोय? परमेश्वरानेच मला सांगितलं, या देशावर चाल कर.

"देवाने मला सांगितलं" हे शब्द रबशाकेच्या तोंडीही आहेत. ते म्हणणारा प्रत्येक जण खोटा, असं मी म्हणत नाही. तुमच्या गटाच्या पुढाऱ्यांचा हेतूही मी जोखत नाही. पण एवढ्या शब्दांवर नवऱ्याचा जीव टांगायचा नसतो. हिज्कीयाने लोकांना हुकूम दिला होता की त्याला उत्तर देऊ नका, आणि लोक गप्प राहिले. वाद न घालता गप्प राहून आपलं काम करत राहणं, हेही त्या घडीचं धैर्य होतं.

यानंतर सन्हेरीबचं धमकीचं पत्र आलं. हिज्कीयाने ते हाती घेतलं, वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरलं. इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याने काय प्रार्थना केली ते शब्द पाहा. हे परमेश्वरा, अश्शूरच्या राजांनी ती राष्ट्रं आणि त्यांचे देश उद्ध्वस्त केले, हे खरं आहे, असं तो म्हणतो. म्हणजे पत्रातली वस्तुस्थिती त्याने कबूल केली. सन्हेरीब दुबळा आहे किंवा ४६ नगरं पडलीच नाहीत, असं तो म्हणाला नाही. पत्र पसरायचं म्हणजे त्यातली ओळ न् ओळ देवाच्या डोळ्यांपुढे उघडी ठेवायची. क्रिएटिनिन किती, हिमोग्लोबिन किती, पोटॅशियम किती, सावकाराचं व्याज किती, हे सगळं जसं आहे तसं. रिपोर्ट नाकारून केलेली प्रार्थना हिज्कीयाची नव्हे. त्याच्या आधी त्याने यशया संदेष्ट्याला निरोप पाठवला होता: मुलं जन्माला यायची वेळ झाली आहे आणि प्रसवण्याची शक्ती उरलेली नाही. विश्वास असलेल्या माणसाला "माझ्यात आता ताकद नाही" असं उघडपणे म्हणता येतं. तुम्हीही म्हणा.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जमिनीखाली आहे.

यरुशलेमाचं पाणी गीहोन झऱ्याचं, आणि झरा तटाबाहेर. वेढा पडला की शत्रू पाणी पिणार आणि शहर तहानेने मरणार. हिज्कीयाने बाहेरचे झरे बुजवले आणि गीहोनचं पाणी खडकाखालून शहरात आणलं. तो बोगदा ५३३ मीटर लांब आहे. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून तो खणला, नागमोडी, अख्खा खडक फोडत. आजही लोक त्यात गुडघाभर पाण्यातून चालत शिलोह तळ्यापर्यंत जातात. १८८० साली त्या तळ्याकडच्या तोंडाजवळ भिंतीत कोरलेला एक लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात लिहिलंय की तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं. जेवढा लेख हाती आहे त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. आहेत ती फक्त कुदळी धरणारी माणसं. मला तो लेख फार जवळचा वाटतो. दिव्याच्या उजेडात खडकावर घाव घालत, पलीकडून कोणी येतंय की नाही हे माहीत नसताना ते पुढे सरकत राहिले.

ज्या राजाने पत्र पसरलं त्यानेच हा बोगदा खणवला. त्यानेच तटाचे मोडके भाग बांधून काढले, बाहेरून दुसरा तट घातला, भाले-ढाली करवल्या. आणि हे सगळं करून झाल्यावर लोकांना वेशीच्या चौकात जमवून म्हणाला, त्याच्या बाजूला मानवी बाहू आहे, आपल्या बाजूला आपला देव परमेश्वर आहे. बोगदा खणला म्हणून देवाने त्याला अविश्वासू ठरवलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट बाजूही सांगायला हवी. यशयाच्या २२ व्या अध्यायात यरुशलेमाला ठपका आहे: दोन तटांमध्ये तलाव केलात, पण हे ज्याने घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. ठपका तलाव बांधल्याचा नाही, देवाकडे न पाहिल्याचा आहे. तुमच्या घरात देवाकडे पाहणं कधी थांबलं? मशीनवर नेताना तुम्ही वाटेत प्रार्थना करता, असं तुम्हीच लिहिलंय.

आणि हिज्कीया आजारी पडला तेव्हाचं तर तुम्हाला कोणी सांगितलेलंच दिसत नाही. २ राजे, अध्याय २०. राजा मरणाला टेकला होता. यशया आला आणि म्हणाला, घराची निरवानिरव कर. राजाने भिंतीकडे तोंड केलं, ढसाढसा रडला, प्रार्थना केली. देवाने ऐकलं आणि १५ वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं. देवाचा शब्द मिळाला, संदेष्ट्याच्या तोंडून मिळाला, मुदतीसकट मिळाला. त्यानंतर त्याच यशयाने काय सांगितलं? अंजिरं आणा. ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. त्या काळात गळवावर अंजिराचा लेप हे औषधच होतं. देवाने थेट वचन दिल्यावरही संदेष्ट्याने औषध लावायला लावलं. मग असं वचन नसताना कोणी औषध थांबवायला सांगत असेल तर ते कुठल्या आधारावर? पुढाऱ्यांना एवढंच विचारा, शांतपणे: "यशयाने अंजिरं का मागवली?"

डायलिसिस थांबवून देवाची वाट पाहणं याला पवित्र शास्त्रात वेगळं नाव आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेलं, स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं आणि म्हणाला, खाली उडी टाक, देवदूत झेलतील. वचन खरं होतं आणि देवाचं सामर्थ्यही खरं होतं. तरी येशूने उडी टाकली नाही. तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन त्याने सांगितलं. पायऱ्यांनी उतरल्याने येशूचा विश्वास उणा ठरला नाही. पौलाच्या सोबत वैद्य लूक होता. पौलाच्या हातून आजारी बरे झाले, आणि त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं. हेही शास्त्रातच आहे.

आता अवघड भागाकडे येतो. यरुशलेम वाचलं, पण लाखीश वाचलं नाही. त्या शिलापटांवरच्या बायका, खांद्यावर गाठोडी घेतलेल्या, त्यांनीही त्याच देवाला हाक मारली असणार. त्यांच्यात विश्वास कमी होता म्हणून नगर पडलं, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. मला याचं पुरतं उत्तर देता येत नाही आणि देता येत असल्याचा आव मी आणणार नाही. एवढं मात्र ठामपणे सांगतो: उद्या तुमच्या यजमानांचं काही बरंवाईट झालं तर "विश्वास कमी पडला" असं म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. डायलिसिस थांबवायला सांगणारे पुढे बऱ्याचदा हेच वाक्य घेऊन दारात येतात, आणि घरातली बाई ते आयुष्यभर वाहते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणूनच एवढं लांबलचक लिहितोय.

शद्रख, मेशख आणि अबेद्नगो आठवा. बाबेलच्या राजापुढे उभे राहून ते म्हणाले की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवलं तरीही तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. देव करू शकतो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. देव करीलच, अशी हमी त्यांनी मागितली नव्हती. हमी नसताना ताठ उभं राहायला जास्त धैर्य लागतं. तुम्ही पहाटे उठून डबा करता, यजमानांना गाडीवर बसवता, चार तास बाकावर थांबता, संध्याकाळी परत येऊन प्रार्थना करता, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. याला मी धाडसी विश्वास म्हणतो.

यरुशलेमाचा वेढा एका रात्रीत उठला हे खरं, पण पुढचं सावरणं एका रात्रीत झालं नाही. यशयाने राजाला खूण दिली होती ती अशी: या वर्षी आपोआप उगवेल ते खाल, दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षी पेराल आणि कापाल. चमत्कारानंतरही दोन वर्षं तुटपुंज्यावर काढायची होती. आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. एवढ्या तोंडांना अन्न कुठून आणायचं हा प्रश्न रोजचा होता, आणि रोज प्रार्थना होती. पण केडगावला त्यांनी विहिरीही खणल्या, शेत लावलं, विणकाम शिकवलं, छापखाना चालवला. बाईंची प्रार्थना आणि बाईंची विहीर वेगळी काढता येत नाही.

आता तुमच्या घरचं बोलतो.

यजमानांशी एकट्याने बोला, सासूबाई आणि गट दोन्ही नसताना. माझ्या अनुभवात डायलिसिस सोडायला तयार होणारे बरेच पुरुष विश्वासाने नव्हे, थकव्याने तयार होतात. "माझ्यापायी घर बुडतंय" हे त्यांना बोलता येत नाही, मग "देव बरं करील" असं म्हणणं सोपं जातं. त्यांना विचारा, खरं काय वाटतं? ते रडले तर रडू द्या, हिज्कीयाही रडला. मन फारच खचलेलं दिसलं तर किडनीच्या डॉक्टरांना सांगा. अशा रुग्णांत नैराश्य पुष्कळदा येतं आणि त्यावर इलाज आहे.

सासूबाईंना विरोधात ढकलू नका. त्यांना मुलासाठी काहीतरी करायचंय आणि कोणीतरी त्यांना उपास सुचवला. त्यांना मशीनशेजारी बसवा, हातात पवित्र शास्त्र द्या, चार तासांत यशयाचे ते अध्याय सहज वाचून होतात. आणखी एक काम सोपवा. यजमानांच्या हातावर जी फिस्टुला (डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी) केली आहे तिच्यावर रोज सकाळी बोटं ठेवून पाहायची. आत बारीक थरथर लागली पाहिजे. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना. त्या हातावर बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, डायलिसिसच्या सुयांखेरीज दुसरी सुई टोचू द्यायची नाही, उशाखाली तो हात दाबून झोपायचं नाही. आईचं लक्ष यात कोणी चुकवू शकणार नाही.

उपास करायचाच असेल तर तुम्ही करा, तुम्हाला साखर-बीपी नसेल तर. यजमानांनी करायचा नाही.

पैशाचंही पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. संकोच करू नका, हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांना किडनीरोपणाबद्दल स्पष्ट विचारा: यजमान त्यासाठी योग्य आहेत का, जवळच्या नात्यातलं कोणाचं जुळू शकतं, आणि पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव लावायचं का. यादी लांब असते, म्हणून नाव लवकर लागलेलं बरं. सावकाराच्या कागदांबद्दल मंडळीतल्या एखाद्या वकिलाशी बोलता येईल, ते मी पाहतो.

याकोबाच्या पत्रात लिहिलंय की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. हे आपण करू. देव तुमच्या यजमानांना पुरतं बरं करू शकतो हे मी मनापासून मानतो आणि त्याच्याकडे तेच मागणार आहे, कमी काही नाही. पुढच्या डायलिसिसचा वार आणि वेळ कळवा. दोन वडिलांना घेऊन येतो, आणि सिस्टरांची हरकत नसेल तर मशीन चालू असतानाच प्रार्थना करू.